आत्याबाईंचं राहिलेलं प्रस्थान

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. आमच्या घरात हे खूळच नव्हतं. बाबा मोटर मेकॅनिक, त्यांचा देव म्हणजे कार्बोरेटर! त्यामुळे हे वाचून हसलात तरी चालेल, मीही हसतच लिहितेय...

साल असेल सत्तावन्न. मी पंधरा वर्षांची. वर्ध्यात बाबांनी मिलिटरीची मोडकी अँब्युलन्स घेऊन तिचं घर केलं होतं — दोन बर्थ, स्टोव्ह, पाण्याची टाकी, खिडक्यांना आईच्या जुन्या पातळाचे पडदे. बेत थेट पुरीचा, नागपूर-रायपूर करत. कारण एकच — आत्याबाई. ही बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. तिची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. तिला समुद्र पाहायचा होता. "डोये जायच्या आधी एकडाव तं पाहू द्या," एवढंच तिचं मागणं.

मुहूर्त मंगळवारचा निघाला आणि गाडीचं काम लांबलं गुरुवारपर्यंत. मग आत्याबाईने मंगळवारी शेजारच्या शांताकाकूंकडे प्रस्थान ठेवलं — लाल फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. म्हणजे आपण मुहूर्तावर निघालो असं धरायचं, आणि खरं निघताना ते गाठोडं सोबत घ्यायचं. बाबांनी तिची भरपूर टिंगल केली.

आणि गुरुवारी सकाळी निघण्याच्या गडबडीत नेमकं तेच राहिलं! पवनारला, धाम नदीच्या पुलाअलीकडे, गाडी जी बंद पडली ती पडलीच. बाबांनी प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, हँडल मारून मारून घामाघूम झाले. बिघाड काही सापडेना, अन् गाडी ढिम्म. दोन तासांनी आत्याबाईला गाठोडं आठवलं. बाबा चिडले. अशाने गाड्या अडल्या असत्या तर मेकॅनिक कशाला लागले असते, म्हणाले. ती हळूच म्हणाली, की चला घरी, समुद्र नाही आपल्या नशिबात... आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांनी गाठोडं आणायला मला वर्ध्याच्या बसमध्ये बसवलं.

शांताकाकू ओट्यावर गोधडी शिवत होत्या. गाठोडं मागितलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काऊन वो पोरी? तुही आत्या आताच तं घेऊन गेली. उभ्याउभ्याच आलती, पाणीबी नाई घेतलं. जाता जाता मले सुई ओवून देल्ली."

मला हसूच आलं. आत्याबाई आणि सुई? तिला ताटातली भाजी वासावरून ओळखावी लागायची!

परत येऊन पाहते तर ती नदीकाठच्या दगडावर, पाण्यात पाय सोडून. आई-बाबा म्हणाले, मी गेल्यापासून ती तिथून हललेलीच नाही. गाडीत चढले, तर तिच्या उशीपाशी लाल गाठोडं! पाने-पकड शोधताना बाबांनी तो बर्थ दोनदा रिकामा केला होता. आत्याबाईला विचारलं, तू घरी गेली होतीस का?

"मी कुठं जातो बापा? मी तं सकायपासून इथंच आहो."

तिने गाठोडं चाचपलं आणि छातीशी धरलं. बाबांनी एकच हँडल मारलं — गाडी सुरू!

आठव्या दिवशी पुरी. आत्याबाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, गाठोड्यातले तांदूळ समुद्राला वाहिले आणि दिवसभर तिथून हलायला तयार नव्हती. जेवायलासुद्धा नाही. दिवाळीनंतर तिची नजर गेली, पण समुद्र कसा होता विचारलं की तासभर सांगायची.

शांताकाकूंची ती गोधडी आज माझ्याकडे आहे. शेवटची ओळ त्या दिवशी ओवलेल्या लाल दोऱ्याची आहे. सुई कोणी ओवली, मला अजूनही सांगता येत नाही. बाबांनाही आलं नाही. फक्त त्यानंतर, अगदी सेवाग्रामपर्यंत जायचं असलं तरी, हँडलला हात लावण्याआधी ते मागे वळून विचारायचे, "बाई, गाठोडं घेतलं ना?"