पुसलेले अंगठे

लग्नाचे फोटो काढून काढून माझ्या हाताला एक खोड लागली होती. नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग, मांडवातली लोंबती वायर, जे डोळ्याला खुपेल ते पुसून टाकायचं. धुळ्यात माझा स्टुडिओ चालायचा तो या सफाईवरच. "तुमच्याकडे माणूस उजळून निघतो," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुगायचो.

त्यामुळे शहरातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयाने जुन्या वस्तूंचे नि वह्या-पोथ्यांचे फोटो काढायला बोलावलं, तेव्हा वाटलं, ह्यॅ, हे तर डाव्या हाताचं काम! तिथले प्रमुख निवृत्त प्राध्यापक होते, सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कॅमेऱ्यातून निघालेली मोठी फाइल म्हणजे मास्टर. उद्या वस्तू गेली, तर तिच्या जागी हीच. छापायला, वेबसाइटवर टाकायला नक्कल काढा आणि तिला हवी तशी सजवा. मास्टरला मात्र बोट लावायचं नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

त्याच आठवड्यात अमळनेरकडच्या एका खेड्यातून एक अक्का आल्या. पदराखाली जुनी वही. त्यांचे वडील गुरांना औषधं द्यायचे. स्वतःला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी गावच्या पोस्टमनकडून एकेका पानावर एकेक औषध लिहून घेतलं होतं. फोटो काढा, पण वही इथं ठेवणार नाही, असं अक्कांनी ठणकावलं. दोन-तीन तास त्या बाकावर बसून राहिल्या आणि वही घेऊनच गेल्या.

संध्याकाळी फाइली उघडल्या तर बऱ्याच पानांच्या तळाशी तपकिरी, तेलकट डाग. कुणीतरी भजी खाता खाता वही चाळलेली दिसते, असं म्हणत मी हसलो आणि बसलो पुसत. कागद असा स्वच्छ केला की बघत राहावं. आणि नक्कल काढायची सोडून मास्टरवरच सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी सोनगीरला हळद होती, कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं हवं होतं. तेही पुसलं. सरांनी पानं पाहून पाठ थोपटली, ती मी खुशाल थोपटून घेतली.

दोन वर्षांनी अक्का पुन्हा आल्या. घरच्या कोठीत ठेवलेली वही वाळवीने खाल्ली होती. तरी त्या निवांत होत्या, कारण वहीचे फोटो आमच्याकडे होते. म्हणाल्या, "भाऊ, बाबाना फोटो कोठेच नही. पन वहीमा त्याना आंगठा शे ना. तो मोठा करीसन दे, भिंतले लावसू."

कसला अंगठा, मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. एखाद्या औषधाने बैल उठून उभा राहिला, की बाबा घरी येऊन वही काढायचे आणि तोच औषधाने भरलेला अंगठा त्या पानावर दाबायचे. हे खरं ठरलं, याची ती खूण. ज्या पानावर अंगठा नाही, ते औषध बाबांनी कधी वापरून पाहिलेलं नाही.

म्हणजे ते तेलकट डाग! मी फाइल उघडली, दुसरी प्रत असलेली हार्ड डिस्क लावली, तिसरी प्रत जळगावला सरांच्या मित्राकडे होती, त्यांना फोन करून उघडायला लावली. तीच ती गोरीगोमटी पानं. आम्ही दर महिन्याला तपासायचो, ठेवल्यापासून एकाही फाइलमध्ये बदल झालेला नाही ना. नव्हताच झाला. माझी घाण तिन्ही जागी सुखरूप होती.

खरं सांगतो, मनात पाप आलं. माझाच अंगठा तेलात बुडवून, फोटो काढून, पाच मिनिटांत त्या पानावर बसवला असता. अक्कांना कळलंही नसतं. त्या तो डोळ्यांना लावून घरी घेऊन गेल्या असत्या. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझी मलाच किळस आली.

"अक्का, मी पुसले ते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले घाण वाटनी?"

"हो."

फाइलीसोबत वर्णनाची एक नोंद असते, ती मी उघडली आणि म्हणालो, आठवेल ते सांगा, निदान तेवढं तरी राहील. त्या डोळे मिटून सांगू लागल्या. हगवणीच्या पानावर दोन अंगठे. खांद्याच्या सुजेवर एक, तिरपा. पोटफुगीवर नाही. खुरकुतीवर एक, त्यात जुन्या जखमेचा व्रण उमटलेला. बाकीचे आठवेनात. खूप आठवून पाहिलं, मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी मान खाली घालून टाइप करत होतो.

"अन पुसं कोनी, ते लिखं का?"

मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

"वाच."

मी सुरुवातीपासून वाचलं. शेवटी माझं नाव आलं, तेही वाचलं.

"परत वाच," अक्का म्हणाल्या.