विहिरीला संदर्भ हवा

माझ्या माहेरच्या गावाचं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं पान मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यावर दोनच ओळी होत्या. गाव रेणापूर तालुक्यात आहे, आणि इथे पावसाळ्यात पाऊस पडतो. दुसरी ओळ वाचून हसू आलं, मग रागही आला. नांदेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि माझ्याच गावाचा भूगोल असा उरकलेला.

पानाच्या वर 'संपादन' असं लिहिलेलं होतं. ते दाबलं आणि पान चक्क लिहायला उघडलं. मला आधी खरं वाटेना. आमच्या कॉलेजात खडूचा खोका हवा असला तरी अर्ज द्यावा लागतो. इथे मात्र कुणी काही विचारलं नाही. मी जमीन लिहिली, ओढा लिहिला, तूर-सोयाबीन लिहिलं, आठवडी बाजाराचा वार लिहिला. आणि शेवटी एक वाक्य टाकलं: 'बौद्ध वस्तीतली अडतीस पायऱ्यांची विहीर गावच्या पाटलांनी वस्तीसाठी बांधून दिली.' ते पाटील म्हणजे माझे पणजोबा. हे मात्र मी लिहिलं नाही. तेवढा विनय माझ्यात होता.

त्यानंतर मला त्या जागेचं वेडच लागलं. प्रत्येक पानाला एक 'इतिहास' असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते सगळं त्यात दिसतं. मी तो कादंबरीसारखा वाचायची. न पाहिलेली माणसं माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पहाटे उठून दुरुस्त करत होती, आणि कुणालाच त्याचं काही मिळत नव्हतं. ही कोण माणसं, घरी काय सांगतात, याचं मला फार कुतूहल.

त्यातला एक जण माझ्या मागेच लागला. त्यानं टोपणनाव म्हणून एका पक्ष्याचं नाव घेतलं होतं, म्हणून मी त्याला मनात 'पक्षी' म्हणायची. माझ्या विहिरीच्या वाक्यापुढे त्यानं 'संदर्भ हवा' अशी खूण चिकटवली. म्हणजे हे कुठे छापलंय ते दाखवा. मी नाक मुरडलं आणि सोडून दिलं. वर्षभरानं एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींवर लेख आला, त्यात आमची विहीर होती. पक्ष्यानं ती खूण काढून त्या लेखाचा संदर्भ जोडला. मी त्याला धन्यवाद दिले. लेखातलं वाक्य माझ्या वाक्यासारखंच होतं, पण तेव्हा मला त्यात फक्त आनंद दिसला.

मग एका दुपारी फोन आला.

"तू पाटलाघरची ना? कॉलेजात शिकवतीस ती?"

मी हो म्हणाले. बाई आमच्याच गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन कधीच्या नांदेडला राहत होत्या. माझ्या वडिलांच्या बरोबरीच्या, म्हणजे गावच्या नात्यानं माझ्या आत्याच.

"ग्रामपंचायत इहिरीवर बोर्ड लावून राहिली. काय लिवायचं ते गावाच्या ग्रुपवर टाकलंय. ते तू लिवलेलं हाय म्हनतेत."

"हो आत्या, मीच लिहिलंय." माझ्या आवाजात कौतुकाची वाट पाहणं असणार.

"तुला कोनी सांगितलं, तुझ्या पंजोबानं बांधून दिली म्हनून?"

"घरी सगळेच सांगतात."

"सगळे म्हंजी कोन? त्यातलं खाली कोन उतरलं व्हतं?" त्या चिडलेल्या नव्हत्या. पेशंटला किती दिवसांपासून दुखतंय विचारावं तसं विचारत होत्या. "आमच्या मायबापानं खांदली ती. दिवसभर तुमच्यात राबायचे अन् दिस कलला की खांदायचे. मी झोळीत व्हते, लिंबाला बांधलेल्या. माझी माय मरेपर्यंत सांगायची. बोर्ड लागायच्या आधी ते पुसून टाक, बाई."

मी वडिलांना फोन लावला. ते गावीच असतात, ऐंशीच्या पुढचे, पण आवाज अजून खणखणीत.

"दादा, ती विहीर आपण बांधून दिली का?"

"हाव. दिली की."

"खोदली कोणी?"

"खांदली त्यांनी. पन जागा आपली."

"आपली? ते तर गायरान आहे ना?"

"गायरान हाय. दगड आपल्या शेतातले."

"नक्की?"

"आता दगडावर काय नाव असतंय?" ते वैतागले. मग म्हणाले, "आडवलं न्हाई आपन. त्या टायमाला ते बी लई व्हतं."

फोन ठेवला. पणजोबांनी विहीर बांधून दिली, पासून पणजोबांनी विहीर अडवली नाही, इथपर्यंत आम्ही दोन मिनिटांत आलो होतो. एवढी वर्षं मी हा साधा प्रश्न का विचारला नाही, याची मला लाज वाटली.

मी सरपंचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, इंटरनेटवर बी तेच अन् पेपरात बी तेच. मी माझ्या मनानं कसं बदलू? तिथलं बदला, मी इथलं बदलते." पेंटर महिन्याच्या शेवटी येणार होता.

यात काय अवघड, असं वाटून मी माझं वाक्य काढून टाकलं. दहा मिनिटांत ते परत आलं. पक्ष्यानं शेरा लिहिला होता: 'संदर्भ असलेला मजकूर कारणाशिवाय काढू नये.' मी पुन्हा काढलं. त्यानं पुन्हा ठेवलं. मग आम्ही चर्चा पानावर भिडलो. माझा स्वभाव तापट आहे, आणि समोर तोंड दिसत नसलं की तो आणखी तापतो.

मी लिहिलं, 'हे वाक्य चुकीचं आहे.' तो म्हणाला, छापील पुरावा दाखवा. मी लिहिलं, 'वाक्य मीच लिहिलं होतं.' तो म्हणाला, पण आता ते वर्तमानपत्रात आहे. मी लिहिलं, 'त्यांनी माझ्यावरून उतरवलं असणार.' तो म्हणाला, असणार म्हणजे काय? मी लिहिलं, 'मी त्या पाटलांची पणती आहे, मला माहीत असणार की तुम्हाला?' त्यावर त्यानं शांतपणे लिहिलं, 'आपल्याला काय माहीत आहे, याला इथे किंमत नाही. मला काय माहीत आहे, यालाही नाही.'

लॅपटॉप आपटून बंद केला. पण त्याचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. असा कोण माणूस असतो, जो स्वतःच्या माहितीलाही किंमत देत नाही? चहा पिऊन मी पुन्हा बसले आणि त्याचं आतापर्यंतचं सगळं काम उघडलं. शिरूर अनंतपाळचं पान त्यानं जीव लावून सांभाळलं होतं. लातूर जिल्ह्यातल्या तलावांची, बसस्थानकांची पानं. कचेरीच्या वेळेत कधी काही नाही. भांडणं पुष्कळ, अपशब्द एकही नाही. मुख्य म्हणजे चार-पाच ठिकाणी त्यानं स्वतःचंच लिहिलेलं, पुरावा मिळेना म्हणून, स्वतःच काढून टाकलं होतं. माझा राग निम्मा तिथेच उतरला.

रविवारी आत्यांना घेऊन गावी गेले. त्यांनाच विहीर पाहायची होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. कारण मी ती लहानपणी फक्त वरून पाहिली होती. आमच्या घरच्या मुली तिकडे जात नसत. आत्या कठड्यावर हात ठेवून थांबल्या, मी उतरत गेले. पाणी तळाशी गेलेलं, सगळ्या पायऱ्या उघड्या. मोजत उतरले आणि मोजत चढले. एकतीस.

"अडतीस कुठं गेल्या?" मी वर येऊन स्वतःशीच म्हणाले.

"अडतीस कोन म्हनलं? एकतीसच हायत. आमी रोज घागर घेऊन चढायचो, पाय मोजायचे आपोआप."

अडतीस मी म्हणाले होते. वरून, अंदाजानं, दहा-अकरा वर्षांची असताना. आणि पुरवणीतल्या लेखातही अडतीसच होत्या. लेखक विहिरीत उतरला असता तर त्याला एकतीस मिळाल्या असत्या. त्यानं माझं पान पाहूनच लिहिलं होतं, माझ्या चुकीसकट. म्हणजे मी खोटं लिहिलं, वर्तमानपत्रानं ते माझ्याकडून घेतलं, आणि ज्ञानकोशानं ते वर्तमानपत्राकडून परत घेऊन खरं केलं. मला तिथेच कठड्यावर हसू फुटलं. आत्यांना कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हसायला येतंय तुला."

त्या हसल्या नव्हत्या.

मी प्रत्येक पायरीचा फोटो काढला. माझ्या वाक्याची तारीख, लेखाची तारीख आणि ते फोटो चर्चा पानावर मांडले. दुसऱ्या दिवशी पक्ष्यानं स्वतः ते वाक्य काढलं आणि शेरा लिहिला, 'संदर्भ याच पानावरून घेतलेला होता. तपासायला हवं होतं. चूक माझी.' पानावर आता एवढंच उरलं: गावात एक पायऱ्यांची विहीर आहे.

मी लढाई मारल्यासारखा आत्यांना फोन केला.

"तुमचं पुसलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पन आमचं कुठं हाय?"

त्यांच्या आईनं सांगितलेलं कुठेच छापलेलं नव्हतं, आणि छापलेलं नसलं की ज्ञानकोशाच्या लेखी ते घडलेलंच नव्हतं. माझ्या पणजोबांना एक फुकटचं वाक्य मिळायला काही लागलं नाही, आणि आत्यांच्या मायबापांनी खरोखर खोदलेल्या विहिरीला मात्र पुरावा पाहिजे. मी हेच, जरा तिखट शब्दांत, चर्चा पानावर लिहिलं. पक्ष्यानं माझा फोन नंबर मागितला.

बोर्ड शेवटी आत्यांच्या म्हणण्याप्रमाणेच लागला, हे आधीच सांगून टाकते. मला सांगायचंय ते त्याच्या अलीकडचं.

पक्षी मुदखेडला बहिणीकडे निघाला होता, तो वाटेत नांदेडला उतरला. साठीचा, बारीक माणूस, काखेत रेक्झिनची पिशवी. लातूरला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि जबाब लिहून देणं हा त्याचा धंदा. छापील पुराव्याचं वेड कुठून आलं ते मला तिथेच कळलं. मी त्याला आत्यांच्या घरी नेलं.

"ताई, एक आधीच सांगतो," तो मला म्हणाला. "मी आत्यांच्या सांगण्यावरून हे लिहिणार ते ज्ञानकोशात चालणार नाही. तुम्ही तिथं टाकलं तर मीच काढीन. पण ग्रामपंचायतीला ज्ञानकोशाचे नियम नाहीत. त्यांना गावातल्या माणसाचा अर्ज पुरतो."

आत्यांनी कपाटातून चष्मा काढला. सुनेनं चहा दिला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, पिशवीवर कागद ठेवला आणि विचारू लागला. आईचं नाव, वडिलांचं नाव, खोदायला कोण कोण होतं, माती कुठं टाकली, दगड कुठून आले. आत्या सांगत होत्या तसं तो लिहीत होता, अधूनमधून वाचून दाखवत होता. नावं सांगताना त्या बोटांवर मोजत होत्या आणि एक नाव राहिलं म्हणून परत पहिल्यापासून सुरू करत होत्या. बावीस नावं झाली.

मग त्यानं मान वर न करता, रोज शंभर जणांना विचारतो तसं, पुढचं विचारलं.

"विहीर का खोदावी लागली?"

आत्या कागदाकडे बघत राहिल्या, आणि मग माझ्याकडे. मला आधी वाटलं, त्यांना आठवत नाही. मग लक्षात आलं, त्या वाट बघत होत्या. कोणी खोदली यावरून मी पंधरा दिवस भांडले होते. फोटो काढले होते, पायऱ्या मोजल्या होत्या. पण गावात भरलेली विहीर असताना दमून आलेल्या माणसांनी सांजच्याला दुसरी का खोदावी, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. कारण ते मला विचारावं लागत नव्हतं.

"लिहा," मी म्हणाले. "आमच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते."

त्याचं पेन थांबलं. "आमच्या म्हणजे कोणाच्या? कागदावर आडनाव लागतं."

मी माझं माहेरचं आडनाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.