बांध पक्का हाय

आमच्या खाडीकाठच्या गावातला एक पंचायत सदस्य बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरायचा. मागच्या वादळात फुटलेला बांध पुन्हा घातल्यापासून कुणी काही विचारलं की बटण पिरगाळत सांगायचा, "बांध पक्का हाय. घाबरायचं नाय." ऐकून बरं वाटायचं.

परवा पुन्हा वादळाचा इशारा आला. दुपारी वडखळ नाक्यावर तो मला टेम्पोला ताडपत्री बांधताना दिसला. आत त्याची म्हातारी आई गादीवर बसली होती.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"आईला रोह्याला बहिणीकडं सोडतो. मी संध्याकाळी परत गावात."

"मग बांध?"

त्यानं वर पाहिलं नाही. "मी भ्यालो असं दिसलं तर अख्खा गाव बाहेर पडंल. नेऊ कुठं सगळ्यांना? निवाऱ्याची जागाच अजून ठरली नाय."

मला राग आला होता, पण त्याला एकट्याला ताडपत्री ताणता येत नव्हती. मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

घरी येऊन बायकोला पोरांचे कपडे भरायला सांगितले. आम्ही निघताना शेजारीण दारात आली. "काय गो, कुठं चाललीस?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"माहेरी. सहज," मीच म्हणालो.