इन्व्हर्टर बसवला त्या दुपारी

इन्व्हर्टर घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काय काय चालवायचंय, ताई? टीव्ही, पंखे, फ्रीज?"

"काही नको. फक्त ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन."

त्याचा आवाज खाली आला. "मग साधा नको. साइन वेव्हचा घ्या. त्यावर नाजूक मशीन बिघडत नाही. लाइट गेल्यावर किती तास टिकायला हवं?"

ह्यांची फुप्फुसं अधू झाल्यापासून वीज गेली, की मी हातातलं टाकून सिलिंडरकडे धावते. वीज असते तेव्हाही ती जाण्याचीच वाट बघत असते. किती टिकायचं, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"जितकं जास्त टिकेल तितकं," म्हटलं आणि मोठी बॅटरी घेतली.

इन्व्हर्टर बसवला त्याच दुपारी वीज गेली. पंखा थांबला. मशीनची घरघर मात्र चालूच राहिली. तोवर माझा हात सिलिंडरच्या चावीवर गेलाही होता.

नाकातली नळी सावरत हे म्हणाले, "अगं, चालू आहे ते. पड जरा."

मी तिथेच चटईवर आडवी झाले. डोळे लगेच मिटले. कान मात्र मिटायला तयार नव्हते.