मास्तरांचा कच्चा दोरा

गळ्यात टेप, कानामागे खडू आणि ओठांत दोन टाचण्या. त्या टाचण्यांमुळे मास्तरांचं बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचं, आणि बहुतेक वेळा एवढंच यायचं: "कच्चं राहू द्या."

पँटची उंची असो, कुणाच्या पोरीचं स्थळ असो, की यंदा कोण निवडून येणार याची पैज असो. मास्तर म्हणणार, "आत्ता कच्चं राहू द्या. घालून बघा, चार पावलं फिरा, मग पक्कं करू." ओतूरच्या पेठेतलं त्यांचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि दुपारच्या उन्हात तरंगणारी खडूची धूळ. तुम्हीही अशा एखाद्या दुकानात बसला असाल, तर ती गुंगी तुम्हाला ठाऊक असेल. मशीन चालतं, थांबतं, पुन्हा चालतं, आणि मध्येच आपण किती वर्षांचे आहोत तेच आठवेनासं होतं.

मी मास्तरांचं ऐकलं नाही ती गोष्ट आधीच सांगून टाकतो.

पुण्याला नोकरीची मुलाखत होती. मास्तर चहाला गेले होते आणि माझी नवी पँट खुंटीवर दिसत होती. उचलली, घातली आणि निघालो. आळेफाट्याला गाडी बदलताना एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकला, तेव्हा मागून हळूच दोरा सुटल्याचा आवाज आला. पँट नुसत्या पांढऱ्या धावदोऱ्यावर उभी होती. इतर उमेदवार मुलाखतीला फाइल छातीशी धरून गेले, मी पाठीमागे धरून गेलो. निघताना उलटा चालत दारापर्यंत आलो. नोकरी मिळाली, बहुधा इतका अदबशीर माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

"भाऊ," मास्तर टाचण्या सांभाळत म्हणाले, "कच्च्यावर बसायचं नसतं. नुसतं उभं राहून बघायचं असतं."

त्या नोकरीत माझ्या वाट्याला तक्ता आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा, आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला. कुठल्याही चौकटीवर टिचकी मारली की ती लिहायला उघडली पाहिजे, एवढंच काम. पण एका चौकटीत आकडा, दुसरीत तारीख, तिसरीत यादीतून निवड. मी प्रत्येक प्रकार त्या तक्त्याच्या पोटातच कोंबत गेलो. नवा आला की जुने दोन बिघडायचे. शेवटी फक्त आकडे नीट चालायला लागले, आणि मी स्वतःला मोठा कारागीर समजू लागलो.

त्याच सुमारास मास्तरांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही. मुलगा भोसरीला कारखान्यात. दुकान आता सून चालवणार होती. ती निरगुडसरची, हाताची सफाईदार. पण मास्तरांची मापवही तिला वाचता येत नव्हती. कुणालाच येत नव्हती. आकड्यांशेजारी त्यांच्या खुणा असायच्या. वाकडी रेघ म्हणजे गिऱ्हाईक माप देताना श्वास आत ओढतं. लहान गोल म्हणजे पोट सुटणार, कापड सोडून ठेवा. कुठे कॉलरचं चित्र, कुठे कापडाचा तुकडा डकवलेला. मास्तरांची नजर गेली की वही मुकी होणार होती.

"त्यात काय!" मी म्हणालो, आणि कंपनीने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर माझ्या तक्त्यासकट आणून कापायच्या टेबलावर ठेवला.

तीन रविवार मास्तर वही खिडकीपाशी धरून वाचत होते आणि मी दोन बोटांनी टाइप करत होतो, नजर खाली बटणांवर. तिसऱ्या रविवारी मान वर केली. आकडे जागेवर होते. खुणांचा सगळा रकाना शून्यांनी भरला होता. माझा तक्ता आकडे सोडून काही ओळखत नव्हता; 'डावा खांदा उतरता' हे त्याने शून्य म्हणून ठेवलं होतं, 'पोट सुटणार' हेही शून्य. आणि विचारलं नव्हतं. चौकट सोडली की थेट पक्कं.

सून म्हणाली, "दादा, मामांनी किती डोळं ताणलं वो!" सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मला त्या क्षणी परत ती पँट घालून आळेफाट्याला उभं राहावंसं वाटलं.

मास्तर मात्र मशीनजवळ गेले. सुईपाशी कापड दाबून धरणारा लोखंडी पाय त्यांनी चाचपडत सोडवला. डबीतले आणखी दोन काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"ह्यो साधा. ह्यो चेनचा. ह्यो काजाचा. दांडी एकच, स्क्रू एकच. मशीनला काय ठावं खाली चेन हाय का काज? तिनं फकस्त वर-खाली करायचं. ज्येचं काम, त्येचा पाय."

"आणि चुकलं तर?"

"कच्चा दोरा वढायचा. कापड जसं व्हतं तसं."

पुण्याला जाणाऱ्या गाडीत ते तीन पाय माझ्या खिशात वाजत होते. त्या आठवड्यात मी तक्त्याचं पोट रिकामं केलं. त्याला आता काहीच ठाऊक असायचं कारण नव्हतं. चौकट उघडली की त्या कामाचा पाय बोलवायचा, जुनं माप त्याच्या हाती द्यायचं, काम झालं की नवं मागायचं, आणि ठेवायचं की सोडायचं ते विचारायचं. आकडा, खूण, चित्र, कापडाचा फोटो, सगळ्यांना स्क्रू एकच. कंपनीत सगळ्यांनी पाठ थोपटली. मास्तरांच्या त्या तीन पायांबद्दल मी कुणाला सांगितलं नाही. पँटनंतरची ही माझी दुसरी लबाडी.

मास्तरांसाठी मी एक जास्तीची सोय केली. लिहिलेलं आधी फिकट पिवळ्या चौकटीत कच्चं राहायचं, जुनं त्याच्यामागे शाबूत. एका बटणाने पक्कं, दुसऱ्याने दोरा ओढल्यासारखं मागे.

पुन्हा वाचायला बसलो तेव्हा नजर आणखी उतरली होती. दोन पानांनंतर मास्तरांनी वही मिटली. "माणूस डोळ्यांपुढं हाय की," म्हणाले आणि डोळे मिटून सांगू लागले. मग उन्हातून एकेक जण दुकानात आल्यासारखा झाला. आळ्याचा उंच पैलवान, लंगडत चालणारे पोस्टमन, लग्नाच्या कोटात घामाघूम झालेला नवरदेव. मास्तर हवेतच टेप धरायचे, आणि सून वहीतले आकडे ताडून बघायची. एकही आकडा चुकला नाही.

मध्येच म्हणाले, "ह्येला तर जाऊन लई वरसं झाली."

"मग वगळू?"

"नगं. कच्चं राहू द्या."

शेवटी मीच विचारलं, "आणि तुमचं माप?"

"माझं कशाला? बरं, लिवा. कंबर चौतीस." ते पक्कं केलं.

मास्तर गेले तेव्हा मी दूर दुसऱ्या शहरात होतो. ओतूरला पोचायला कित्येक महिने लागले. दुकानात तीच धूळ, तेच ऊन. टेप खुंटीवर होता. सुनेने तक्ता उघडून सरळ मास्तरांची ओळ दाखवली. कंबरेची चौकट पिवळी होती. अठ्ठावीस.

"आजारात पायजमा शिवला, तवा मी माप घेतलं. मामा म्हनले, कच्चं राहू दे, अंग परत भरंल." ती पदराला हात पुसत राहिली. "तवापास्नं तसंच हाय. पक्कं करायला हात व्हईना. तुमी करता का, दादा?"

मी बोट पक्क्याच्या बटणावर नेलं. मग शेजारचं दुसरं दाबलं.

पिवळा रंग गेला. चौकटीत चौतीस आलं.

सून मशीनवर जाऊन बसली, ओठांत दोन टाचण्या धरल्या, आणि कोपऱ्यातून म्हणाली, "बसा. च्या सांगते."