दारातले सर

पेशंट खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आत सरांची अर्धी तपासणी झालेली असे. शहापूर तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ते मेंदूच्या आणि नसांच्या आजारांची ओपीडी चालवत. शहरातल्या कॉलेजांतून डॉक्टरकीचे विद्यार्थी तिथे शिकायला येत. सर त्यांना टेबलाजवळ बसू देत नसत. स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत आणि विद्यार्थ्यांना भिंतीशी रांगेत उभं करत. "चालत येतोय तोवर बघून घ्या. डॉक्टर दिसला की माणूस सावरून चालतो," असं ते सांगत. विद्यार्थी त्यांना आपसात 'दारातले सर' म्हणत.

तालुक्याच्या बातम्यांसाठी मला या रुग्णालयात वरचेवर जावं लागे. सर्पदंश, महामार्गावरचे अपघात. बातमी नसेल त्या दिवशी ओपीडीच्या बाकावर वेळ जाई. चालताना एकच हात हलवणारा म्हातारा आत आला, की सर हळूच म्हणत, "दुसरा हात बघा. कंपवात तिथून सुरू झालाय." उंबरमाळीच्या एका माणसाच्या पायातली चप्पल व्हरांड्यातच गळून पडली आणि तो तसाच आत आला. एका विद्यार्थिनीने ती उचलून आणायला पाऊल टाकलं. सरांनी तिला थांबवलं. "चप्पल राहू द्या. ती पडल्याचं त्याला कळलं नाही, हे महत्त्वाचं. आधी त्याच्या नसा चाचपा, अंगावर चट्टा शोधा." चट्टा पाठीवर सापडला. कुष्ठरोग होता, आणि वेळेत सापडला होता.

शेणव्याचा एक रिक्षावाला तोंड वाकडं झालं म्हणून आला. बायको रडत होती. "लकवा मारला हो सायेब, रात्री चांगला जेवला होता." एका विद्यार्थ्याने मेंदूचा झटका असं निदान करून टाकलं.

"भुवया वर करा," सर रिक्षावाल्याला म्हणाले. कपाळाच्या अर्ध्याच भागावर आठ्या पडल्या.

"अहो डॉक्टर, बघा," सर त्या विद्यार्थ्याला म्हणाले. "तोंडाबरोबर कपाळही गेलंय, आणि हातपाय शाबूत आहेत. मेंदू ठीक आहे, चेहऱ्याची नस सुजलीय. दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या, तर मी आत्ता गाडी बोलावली असती."

"म्हंजे बरा होईल?" बायकोने विचारलं.

"बहुतेक होईल. गोळ्या आजपासूनच सुरू करा. झोपताना डोळ्यावर पट्टी लावा, तो डोळा मिटत नाहीये."

"आणि हसायचं नाय का?" रिक्षावाल्याने वाकड्या तोंडाने विचारलं.

"हसा की. सध्या अर्धंच हसा."

फिटच्या पेशंटबरोबर मात्र सर विनोद करत नसत. फिट आली की कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, मुठीत किल्ली द्यायची, दातांत चमचा घालायचा, हे सगळं गावोगाव चालतं. सर नातेवाइकांना समोर उभं करून पाठ करून घेत: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडीत घाला. विद्यार्थ्यांना म्हणत, "चमच्याने दात तुटतो. फिट थांबत नाही."

डोळखांबकडच्या एका पाड्यावरून जनी तिच्या मुलीला, रंगीला, घेऊन आली ती याच ओपीडीत. रंगी फिट येऊन चुलीत पडली होती. एक हात कोपरापर्यंत भाजलेला होता. भगताकडे कोंबडं देऊन झालं होतं. "आणखी द्यायचं तर द्या," सर म्हणाले, "पण गोळी चुकवू नका." गोळीने फिट थांबल्या. रंगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. जनी दर महिन्याला डोंगर उतरून गोळ्या न्यायला येई. "चुलीपाशी बसू देते गो आता तिला," असं तिने नर्सला कौतुकाने सांगितलं होतं.

दिवाळीनंतर ते कुटुंब मुरबाडकडच्या वीटभट्टीवर जायला निघालं. भट्टीवरून महिन्याला येणं जमणार नव्हतं. सरांनी पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एकदम दिल्या. "फिट येत नाही म्हणून गोळी बंद करायची नाही. एक दिवससुद्धा."

"नाय करणार सायेब," जनी म्हणाली.

होळीच्या सुमारास भट्टीवरच्या टेम्पोतून रंगीला आणलं. एक फिट सुटायच्या आत दुसरी येत होती. वाटेत कुठेच ती शुद्धीवर आली नव्हती. एकामागून एक इंजेक्शनं झाली. सर स्वतः तिचा जबडा धरून श्वास मोकळा ठेवत होते. ठाण्याला न्यायची गाडी दाराशी लागली, तेव्हा रंगी गेली होती.

सर बाहेर आले. त्यांचा आवाज चढलेला होता. "गोळ्या बंद केल्यात?"

"नाय सायेब. रोज दिली."

"मग असं कसं झालं?"

"अर्धी दिली." जनी खाली बघत होती. "बाजूच्या झोपडीतल्या बाईच्या पोराला पण फिट येत होती. तिच्याकडं गोळी नव्हती. तो पोरगा रोज पडायचा. मी एकट्या माझ्या पोरीला कशी देऊ?"

एक विद्यार्थी काहीतरी बोलायला गेला. सरांनी त्याला हाताने गप्प केलं.

जनीच्या पाड्यावर कोणी ओढ्यातून खेकडे आणले, तर शेजारच्या झोपडीत वाटा जातो. न देणाऱ्याकडे कोणी बसत नाही. गोळी बंद करू नका, हे तिला सांगितलेलं होतं आणि तिने बंद केलेली नव्हती. वाटू नका, हे सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"निदान बरोबर होतं, गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती," सर विद्यार्थ्यांना म्हणाले. "भट्टीवर आणखी कोणाला फिट येते, हे विचारलं नाही. आणि तो मुलगा अजून अर्ध्या गोळीवर आहे."

त्याच दिवशी ते भट्टीवर गेले. मोबाइलवरून बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती. मुलाच्या आईने उरलेल्या गोळ्या पेटत्या भट्टीत टाकल्या होत्या.

"तीच गोळी खाऊन ती पोरगी मेली. माझ्या पोराला नको."

सर कच्च्या विटांच्या थराशी उकिडवे बसले. गोळी कमी पडली म्हणून मुलगी गेली, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. तिने मुलाला पाठीमागे ओढलं. "तुमी जावा," एवढंच ती म्हणत राहिली. मुकादमही येऊन म्हणाला, "डॉक्टर, कामाचा टाइम आहे. पोरं काय, पडतात नि उठतात." सर परतले.

रंगीचे दिवस घालून जनी एकटीच ओपीडीत आली. सर दाराशीच उभे होते.

"गोळ्या द्या."

"कोणाला?"

"त्या पोराला. माझी पोर अर्धीच गोळी खाऊन मेली, हे मी सांगते त्याच्या आईला. तुमचं नाय ऐकणार ती. माझं ऐकेल."

तपासल्याशिवाय सर कधी कोणाला औषध देत नसत. त्या दिवशी दिलं. पूर्ण मात्रा, पावसाळ्यापर्यंतची. वाटायची नाही, आणखी कोणी असेल तर इथे घेऊन या, हे त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. जनीने गोळ्या पदरात बांधल्या आणि ती मुरबाडच्या गाडीने गेली.

पाऊस लागला तशी भट्टी विझली आणि माणसं पांगली. जनी पाड्यावर परतली नाही. तिच्या झोपडीचं दार झाप लावून बंद केलेलं होतं. ती दुसऱ्या भट्टीवर गेली, असं कोणी म्हणे. नवऱ्याने तिला गुजरातेत नेलं, असं कोणी म्हणे. त्या मुलाचं गाव कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी मुरबाड तालुक्यातल्या ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरला फोन केले. मग ते निवृत्त होऊन नाशिकला गेले.

ते मला अजून फोन करतात. तब्येतीची चौकशी होते, नव्या डॉक्टरची होते. मग विचारतात, जनी आली होती का. नाही, असंच सांगावं लागतं.

"तो मुलगा आता मोठा झाला असेल," सर म्हणतात. "वजन वाढलं असेल. गोळी वाढवायला हवी."