एसपीच्या वर्गात घुसलेलं गणित

आमच्या घरात दोन विषय नांदतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. हे पारोळ्याला ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना गणित शिकवतात आणि मी एसपी. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. कंपनीच्या सभा कशा भरवायच्या, पत्रव्यवहार कसा ठेवायचा, असा तो विषय. अकरावीला या दोन्हींतला एकच घ्यायचा असतो. म्हणजे माझ्या वर्गात येणारं प्रत्येक पोर यांच्या ताटातून उचललेलं.

लग्न झालं तेव्हापासून यांची एकच थट्टा चालू आहे. जेवायला बसले की म्हणणार, "तुझ्या विषयात असतं काय गं? 'आपला विश्वासू' उजवीकडे लिहायचं की डावीकडे, एवढंच ना?" मी धुळ्याची. ऐकून घेणाऱ्यातली नाही. मी म्हणायची, "तुमच्या विषयात तर पोरंच नसतात." मग दोघंही भाकरी मोडायचो.

यंदा माझं हे बोलणं खरं व्हायची वेळ आली. प्राचार्यांनी यांना बोलावून सांगितलं, गणिताची तुकडी चालू ठेवायला दोन विद्यार्थी कमी पडतायत; आठवडाभरात मिळाले नाहीत तर तुकडी बंद. तुकडी बंद म्हणजे शिक्षक अतिरिक्त, आणि अतिरिक्त म्हणजे जिथं जागा असेल तिथं जायचं. आमचे इतिहासाचे सर असेच शिंदखेड्याच्या पलीकडे गेले. खोली घेऊन राहतात आणि डबा खातात. यांना तर साधा चहा करता येत नाही, दूध उतू घालवतात.

हे मोटारसायकल काढून गावोगाव फिरले. आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत सगळेच शिक्षक पोरं शोधत फिरतात, त्यात लाज वाटायचं कारण नाही. यांनी भाषण पाठ केलं होतं : गणित घेतलं तर सीए होता येतं, बँकेत जाता येतं, विमा कंपनीत जाता येतं, कॉम्प्युटरकडे वळता येतं. लोक चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि पोराला एसपीला घालायचे. एका गावात एका मुलीच्या आजोबांनी सगळं भाषण शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, हाई बठ्ठं ठीक शे, पन पोर पास व्हई का?" बाकी सगळं ठीक, पण पास होईल का, एवढाच त्यांचा सवाल. ती मुलगी दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गात येऊन बसली.

त्यानंतर हे गप्प झाले. जेवायला बसायचे, जेवायचे, उठायचे. विश्वासू उजवीकडे नाही आणि डावीकडेही नाही. मला ते घर खायला उठलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी वर्गावर गेले. बाकं गच्च भरलेली, खिडकीपाशी दोघं उभे. सहज विचारलं, "का रे, एसपी का घेतलं?" सगळे एका सुरात म्हणाले, "मॅडम, सोपं आहे म्हणून."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जीव ओतून शिकवते तो विषय काय फक्त सोपा? मी खडू टेबलावर आपटला आणि तडक शेजारच्या वर्गात गेले. तिथं हे मोजक्या पोरांना शिकवत होते. म्हटलं, "अहो, चला माझ्या वर्गात. तुमची पोरंपण घेऊन चला. माझ्या पोरांना दाखवा अवघड काय असतं ते."

हे बावरून आले आणि घसा खाकरून सुरू झाले, "गणितामुळे करिअरच्या अनेक वाटा..." मी म्हटलं, "भाषण नको. गणित घाला."

हे थांबले. मग माझ्या फळ्याकडे पाहिलं. तिथं 'संचालक मंडळाची सभा' असं लिहिलं होतं. यांनी सहा पोरांना पुढे बोलावलं. म्हणाले, "हे सहा संचालक. सभेला आलेत. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदाच हात मिळवायचा. एकूण किती वेळा हात मिळवले जातील?" कोणी छत्तीस म्हणालं, कोणी तीस. मग प्रत्यक्ष हात मिळवायला लावले आणि जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोण कोणाशी मिळवून बसलंय पत्ता नाही, दोघं तर तिसऱ्यांदा मिळवत होते. सगळा वर्ग बाकांवर चढून मोजत होता आणि हसत होता. मीही मोजत होते आणि चुकत होते.

मागून त्या आजोबांची नात म्हणाली, "सर, पंधरा." कसे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पहिला पाच जणांशी मिळवेल. दुसऱ्याचे चारच उरतात, कारण पहिल्याशी झालंय. मग तीन, दोन, एक." यांचा चेहरा असा फुलला की मला लग्नातले हे आठवले. मग तिनं विचारलं, "पण सर, याचा पुढे उपयोग काय?"

मी मनात म्हटलं, घ्या, आता तरी भाषण करा. तर हे म्हणाले, "या गणिताचा? मला नाही माहीत बुवा. पण आत्ता मजा आली ना?"

मी कपाळाला हात लावला.

मधल्या सुट्टीत ती मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. विषय बदलायचा म्हणाली. शेजारणीलाही ओढून आणलं होतं. दोघी एकाच एसटीनं येतात, वेगळ्या वर्गात बसणार नाहीत. "फक्त आबांना तुम्ही सांगा, मॅडम." मी लगेच आबांना, म्हणजे त्या आजोबांना, फोन लावला. आबांचा प्रश्न तोच, पोर पास होईल का? मी म्हटलं, "आबा, नापास झाली तर सरांचं जेवण बंद. स्वयंपाक माझ्याच हातात आहे." आबा इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. जाऊ दे तिला गणिताला, म्हणाले. दोन कमी होते, दोन भरले.

संध्याकाळी हे पाटावर बसले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. यांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या विषयात असतं काय गं? 'आपला विश्वासू' उजवीकडे की डावीकडे, एवढंच ना?"

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा."